पहाटेची पर्वती की घरातले सूर्यनमस्कार?

लहान मुलं असलेल्या पुणेकर आईबाबांसाठी बिनपैशाचे दोन व्यायाम अगदी हाताशी आहेत. पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या चढताना छान धाप लागते, मांड्या भरून येतात आणि वर मोकळा वारा मिळतो. पण जाऊन येईपर्यंत तास सहज जातो. तेवढ्या वेळात डबा, दूध, युनिफॉर्म कोणीतरी सांभाळावं लागतं. जोडीदाराची सकाळची शिफ्ट असेल तर विषयच संपला.

सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये रुजवलेला हा व्यायाम कुकरच्या शिट्ट्यांमध्येही बसतो. अडथळा एकच, मुलं! साष्टांग स्थितीत मोठा पाठीवर स्वार होतो, पर्वतासनात धाकटी पोटाखालून बोगदा काढते आणि भुजंगासनात हमखास प्रश्न येतो, "आई, माझी वही कुठाय?" मला हा गोंधळ मनापासून आवडतो, कारण बघता बघता तीही शेजारी नमस्कार घालू लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, आणि त्यात छोटे तुकडेही धरले जातात. म्हणून कामाच्या दिवशी माझं मत नमस्कारांना.

पर्वती रविवारी, सगळ्यांनी मिळून. मात्र उतरताना मुलं सुसाट सुटतात. त्यांचा हात धरा आणि स्वतःही सावकाश उतरा, गुडघ्यांवर ताण तेव्हाच जास्त येतो.