लॉनला युरिया की जिवाणू खत?

कोल्हापुरात ताराबाई पार्कात किंवा रुईकर कॉलनीत बंगल्यापुढचं लॉन पिवळं पडलं की माळी म्हणतो युरिया टाका, नर्सरीवाला जिवाणू खताची बाटली पुढे करतो. या दोघांची कामंच वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्या.

युरियात 46 टक्के नत्र असतं. गुंठाभर लॉनला महिन्याला किलोभर पुरे, तेही दोन हप्त्यांत आणि वर लगेच पाणी देऊन. आठवड्यात रंग परततो. पण पातं भराभर वाढतं, कापणी वाढते, आणि जुलैच्या कोल्हापुरी पावसात बरंचसं नत्र वाहून जातं.

जिवाणू खताला इतकी घाई जमत नाही, महिनाभर तरी थांबावं लागतं. त्यातला ॲझोस्पिरिलम हा जिवाणू गवताच्या मुळांशी राहून हवेतलं थोडं नत्र देतो. माझ्या मते त्याचा खरा फायदा मुळांना जास्त फुटवे येण्यात आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तग धरायला तेच उपयोगी पडतं. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारा जिवाणू, मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतो. रायझोबियम मात्र कुणी गळ्यात मारलं तरी घेऊ नका, ते डाळवर्गीय पिकांसाठी असतं. आणि फक्त जिवाणूंवर सतत कापलं जाणारं लॉन पोसलं जाईल, ही आशा सोडा.

आपल्याकडची खरी अडचण माती. बंगल्याभोवती बहुधा मुरमाचा भराव असतो, त्यात बांधकामाचा राडारोडा. सेंद्रिय अंश नसेल तर जिवाणू उपाशी मरतात. म्हणून आधी साखर कारखान्याच्या प्रेसमडचं (उसाच्या रसातून गाळून उरलेल्या मळीचं) चांगलं कुजलेलं कंपोस्ट चाळून पसरा, मग जिवाणू. कच्चं शेणखत नको, त्यातून तण येतं. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर आधी निचरा करा. तिथे दोन्ही खतं वाया जातात.

बाटली घेताना तारीख बघाच. ॲझोस्पिरिलम किंवा पीएसबी द्रवरूप असेल तर मिलीला किमान 10 कोटी, पावडर असेल तर ग्रॅमला 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा खत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेला माल परत करा. घरी आणल्यावर संध्याकाळी, ओल्या जमिनीवर द्या. युरिया किंवा बुरशीनाशक त्याच बादलीत कालवू नका, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या.

लग्नकार्य पंधरा दिवसांवर असेल तर युरियाच. नवीन लॉन लावताय किंवा दर उन्हाळ्यात जळतंय, तर कंपोस्ट आणि जिवाणूंवर खर्च करा, युरिया निम्म्यावर आणा. खात्री हवी असेल तर दहा बाय दहा फुटांचा एक तुकडा जिवाणूंशिवाय ठेवा, बाकी सगळं तेच द्या. तीन महिन्यांनी दोन्हीकडची एकेक ढेकळी खुरप्याने काढून मुळांची लांबी बघा. फरक दिसला नाही तर पुढची बाटली घेऊ नका.