लूज ऑइलसाठी मीटर गन: पावसाळ्याआधी बसवली, दिवाळीनंतरचा अनुभव

शिरोलीजवळ हायवेला लागून आमची चारचाकीची डीलरशिप आहे, पार्ट्स काउंटर माझ्याकडे. मापाच्या कॅनने लूज ऑइल, म्हणजे बॅरलमधलं सुटं इंजिन ऑइल, द्यायचं बंद करून बॅरलवर पंप, बेवर (गाडी उभी करून काम करायच्या जागेवर) मीटर गन आणि जॉब कार्डला (गाडीच्या कामाच्या नोंदीला) जोडलेलं सॉफ्टवेअर असं सगळं घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

मेकॅनिक जॉब कार्डचा नंबर टाकतो, ३.१ लिटर सेट करतो, गन तेवढं सोडून आपोआप थांबते. बिलात ३.१च पडतं. आधी गाडीत ३.१ जायचं आणि बिलात सरसकट साडेतीन. कारखान्याच्या काट्यावर डोळा ठेवून बसणारं आमचं गिऱ्हाईक ते सोडतंय होय! काउंटरवरची ती रोजची कटकट गेली. एवढ्यासाठी जरी घेतली तरी पैसे वसूल.

आता डोकेदुखी. बॅरलची खरेदी '१ नग' म्हणून चढते आणि इश्यू होतो लिटरमध्ये. आयटम मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत) १ बॅरल म्हणजे २१० लिटर हे आधी बसवून घ्या, मगच पहिलं बिल काढा. शिकवायला आलेल्या पोरानं हे सांगितलंच नाही. स्टॉक उणे दिसायला लागला आणि अकाउंटवाले आमच्याकडे चोरासारखे बघायला लागले.

दुसरं, बॅरल तळाला आलं की पंप हवा ओढतो. गन फुरफुरते, पण आतले गिअर हवेनंही फिरतात, म्हणजे मीटर पळतच राहतो आणि हवेचंही बिल होतं. आम्ही तळाशी थोडं ऑइल असतानाच बॅरल बदलतो, उरलेलं हातपंपानं काढून टॉप-अपला वापरतो. अधूनमधून पाच लिटरच्या मापात सोडून मीटर तपासायचा, हे कुणी सांगितलं नाही तरी करा.

ड्रेन ऑइलचं, म्हणजे गाडीतून काढलेल्या जुन्या ऑइलचं, रजिस्टर इथं फार कामाला येतं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, परवानाधारकालाच द्यावं लागतं, त्यामुळे नोंद ठेवावीच लागते. तो आकडा गनच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. थोडं इंजिनात जळतं, थोडं जुन्या फिल्टरमध्ये राहतं, म्हणून ड्रेन कमीच भरतं. पण फरक एकदम वाढला तर ऑइल गाडीत न जाता दुसरीकडं कुठंतरी गेलंय.

ब्रेक ऑइल मात्र या भानगडीत घालू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. सीलबंद छोटी बाटली, एका जॉब कार्डला एक, उरलं तर टाकून द्यायचं.

ग्रीस, ब्रेक क्लीनर, गंज सोडवायचा स्प्रे यांना ही सिस्टिम हातच लावत नाही. दर जॉबला ठरावीक 'कन्झ्युमेबल' लावलं की गिऱ्हाईक बोट ठेवून विचारतं, "हे काय लावलंय ओ?" सध्या स्प्रेचा रिकामा डबा आणून दिल्याशिवाय नवा देत नाही. ग्रीसचं अजून काही जमलेलं नाही.