न्यासपत्र जाड, परिशिष्ट कोरे

मालमत्ता नियोजनाचा सल्लागार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या वडिलांकडून कौटुंबिक न्यासासाठी, म्हणजे ट्रस्टसाठी, एकरकमी मोठी फी घेतली आणि पुढे दरवर्षी ‘कागदपत्रे अद्ययावत ठेवण्याचे’ शुल्कही घेतले. वडील गेल्यावर तो न्यास पूर्णपणे रिकामा असल्याचे उघड झाले. वयस्कर माणसांना अशा रीतीने आजही गाठले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मृत्युपत्र असले तरी वारसांना न्यायालयाचे खेटे चुकत नाहीत, न्यास केला की सगळे आपोआप मार्गी लागते, असे वडिलांना सांगण्यात आले होते. आपोआप काहीही होत नाही. घर, ठेवी, शेअर यांपैकी जे रीतसर विश्वस्तांकडे सोपवले जाते, तेवढ्यालाच न्यास लागू होतो. आमच्या न्यासपत्रात ‘सोबतच्या परिशिष्टात नमूद केलेली मालमत्ता’ असा उल्लेख वारंवार येतो. प्रत्यक्षात परिशिष्टाच्या पानावर सुबक आखलेला तक्ता आहे, अनुक्रमांक छापलेले आहेत आणि पुढचे सर्व रकाने कोरे आहेत. घर आणि ठेवी अखेरपर्यंत वडिलांच्याच नावावर राहिल्या.

दरवर्षीच्या ‘अद्ययावत’ प्रती आम्ही शेजारी ठेवून वाचल्या. मधल्या काळात विश्वस्त असलेले काका वारले, बहिणीचा घटस्फोट झाला, भावाला मुलगी झाली. यांपैकी कशाचीही नोंद नाही आणि बहिणीचे पूर्वीचे यजमान लाभार्थी म्हणून कायम आहेत. मुखपृष्ठावरच्या तारखेखेरीज एकच कलम बदललेले सापडले. पर्यायी विश्वस्त म्हणून सल्लागारांनी स्वतःचे नाव घातले होते आणि आपले मानधन ठरवण्याचा अधिकारही स्वतःकडेच घेतला होता. ज्याच्या हाती मसुदा, त्यानेच विश्वस्त व्हायचे आणि मोबदलाही ठरवायचा, ही मला या प्रकरणातील सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते.

मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीवर त्यांच्या कार्यालयातील एकाच कर्मचाऱ्याची साक्ष होती. मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत, ही अट इंग्लंडच्या 1837 च्या कायद्यात आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांतही ती आढळते. पुरवणीलाही मृत्युपत्राचेच नियम लागतात. त्यामुळे पुरवणी निरुपयोगी ठरली आणि जुने मृत्युपत्र उरले. त्यात घर आईला दिले होते, पण आई वडिलांच्या आधीच गेली होती. ज्या न्यायालयीन फेऱ्या टाळण्यासाठी वडिलांनी इतका खर्च केला, त्याच आता आम्ही घालत आहोत.

आपल्या घरात असा न्यास असेल, तर परिशिष्ट उघडून त्यातील प्रत्येक मालमत्तेच्या हस्तांतराचा पुरावा मागावा. वार्षिक शुल्क देण्यापूर्वी कोणते कलम बदलले, हे लेखी घ्यावे. जन्म, मृत्यू, विवाह, घटस्फोट किंवा घराची खरेदी-विक्री झाली, की मृत्युपत्र, न्यासपत्र आणि बँक-विम्यावरील नामनिर्देशने एकत्र तपासावीत, आणि ती मसुदा करणाऱ्याशी संबंध नसलेल्या वकिलाकडून तपासून घ्यावीत.

मालमत्ता हस्तांतरित करण्याची जबाबदारी ग्राहकाची होती, असे करारातील बारीक अक्षरांतले कलम सल्लागार आता पुढे करत आहेत. वार्षिक शुल्काच्या प्रत्येक पावतीवर मात्र ‘न्यासाचा संपूर्ण आढावा’ असे त्यांनीच लिहून दिले आहे, आणि आमची तक्रार त्या पावत्यांच्या आधारेच दाखल झाली आहे.