ड्राइव्हवेचा सीलकोट आणि मिनेसोटाचा एक हिवाळा : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मिनिआपोलिसच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आमचे घर आहे आणि घरापुढे १८ फूट रुंद व ५० फूट लांब, म्हणजे ९०० चौरस फुटांचा डांबरी ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंत गाडी आणायची वाट, आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मी स्वतः त्यावर सीलकोटचे, म्हणजे जुन्या डांबरावर लावायच्या पातळ काळ्या संरक्षक थराचे, दोन हात दिले. आता जून २०२३ सुरू आहे. मधल्या हिवाळ्यात या शहरात ९० इंचांहून अधिक बर्फ पडला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सर्वाधिक बर्फाच्या हिवाळ्यांत त्याची गणना झाली, त्यामुळे या कामाची परीक्षा जितकी कडक व्हायला हवी तितकी झाली असे मला वाटते. लावल्यानंतर आठवड्याभरात लिहिलेले अभिप्राय मी पुष्कळ वाचले होते. काळाभोर, नवाकोरा ड्राइव्हवे पाहून सगळेच खूश असतात. मार्च महिन्यात त्याचे काय होते हे सांगणारे फार थोडे भेटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधीची स्थिती सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. हा ड्राइव्हवे २००८ साली झालेला, आणि मी हात लावेपर्यंत त्याचा रंग राखेसारखा करडा झाला होता. झाडू मारला की केराबरोबर बारीक वाळू निघत असे आणि खडीचे दाणे उघडे पडून तळव्याला टोचत असत. आडव्या तीन मोठ्या भेगा होत्या, एक लांब भेग मधल्या सांध्यावरून गेली होती, शिवाय केसाएवढ्या बारीक रेषा जागोजागी होत्या. गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यात, छपराच्या पन्हळीचा पाइप जिथे उतरतो तिथे, साधारण दोन बाय तीन फुटांचा तुकडा मगरीच्या कातडीसारखा फुटलेला होता.

माझे वडील महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागात शाखा अभियंता होते. व्हिडिओ कॉलवर हा कोपरा दाखवला तेव्हा त्यांनी रंगाविषयी एक शब्दही विचारला नाही. पाइपाचे पाणी कुठे जाते, एवढेच त्यांनी विचारले आणि आधी ते वळवायला सांगितले. बाबांनी उभ्या आयुष्यात गोठलेला रस्ता पाहिलेला नाही, पण पावसाळ्याने उखडलेले रस्ते त्यांनी तीस वर्षे पाहिले, आणि त्यांचे निदान इथेही तंतोतंत लागू पडले.

डांबरी थरात वजनाने जेमतेम पाच-सहा टक्के बिटुमेन, म्हणजे खडीला धरून ठेवणारा काळा चिकट पदार्थ, असते, बाकी सगळी खडी आणि वाळू. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे हे बिटुमेन वर्षानुवर्षे कडक आणि ठिसूळ होत जाते, त्याची पकड सुटते, आधी बारीक कण निघून जातात आणि मग पृष्ठभाग सच्छिद्र होऊन पाणी पिऊ लागतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. हे एकदाच झाले असते तर फारसे बिघडले नसते, परंतु दिवसा वितळायचे आणि रात्री पुन्हा गोठायचे असे चक्र नोव्हेंबरमध्ये आणि विशेषतः मार्चमध्ये कित्येक दिवस चालते, आणि प्रत्येक फेरीत भेग थोडी आणखी उघडते. जानेवारीतली उणे २५ अंशांची थंडी भयंकर वाटते खरी, पण तेव्हा सगळे एकदाच गोठून निपचित पडलेले असते. डांबराला खरे छळतो तो मार्च.

सीलकोट ऊन अडवतो आणि वरून मुरणारे पाणी अडवतो, यापलीकडे त्याचे काम नाही. तो थर कागदाच्या काही घड्यांएवढा पातळ असतो. त्याने ड्राइव्हवेला बळकटी येत नाही, भेग भरत नाही, आणि खालची माती गोठून फुगली तर ती थांबत नाही. आमच्या भागात इमारतीचा पाया किमान ४२ इंच खोल न्यावा लागतो, कारण जमीन तितकी खोल गोठू शकते असे धरून नियम केलेले आहेत. त्या ताकदीपुढे या पातळ थराचा काय पाड लागणार? बादलीवरच्या मजकुराने मात्र असा समज होतो की एकदा काळा हात फिरवला की हिवाळ्याची चिंता मिटली. माझी या उत्पादनाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

माल निवडताना आपल्या भाषेमुळे एक घोटाळा होऊ शकतो, तो इथे स्पष्ट करतो. मराठीत आपण खनिज तेलापासून मिळणाऱ्या बिटुमेनलाही डांबर म्हणतो आणि दगडी कोळशापासून मिळणाऱ्या कोल-टारलाही डांबरच म्हणतो. कपाटातल्या डांबरगोळ्यांचे नाव या दुसऱ्या डांबरावरून आले आहे. सीलकोटच्या बाबतीत हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. कोल-टारच्या सीलरमध्ये (सीलकोटसाठी लावायच्या मालात) पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन गटातली घातक रसायने बिटुमेनच्या सीलरपेक्षा सुमारे हजार पटींनी जास्त असतात, आणि झिजलेला थर धुळीच्या रूपाने तळ्यांत जातो, बुटांना लागून घरातही येतो. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ पासून, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये आणि आमच्या मिनेसोटाने १ जानेवारी २०१४ पासून त्यावर बंदी घातली. त्यामुळे इथल्या दुकानात मला बिटुमेनचे इमल्शनच, म्हणजे पाण्यात मिसळलेले बिटुमेनच, मिळाले. जिथे बंदी नाही तिथल्या मंडळींनी सुरक्षा-पत्रकात कोल-टार हा शब्द किंवा ६५९९६-९३-२ हा त्या रसायनाचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहूनच खरेदी करावी. कोल-टारवर पेट्रोल-तेलाचा परिणाम कमी होतो हे खरे असले, तरी घरासमोर, जिथे मुले खडूने चित्रे काढतात, तिथे तो मी फुकट मिळाला तरी लावणार नाही.

काम तीन शनिवार-रविवार चालले आणि त्यातले दोन केवळ तयारीत गेले. पहिल्यांदा पन्हळीच्या पाइपाला सहा फुटांचा जोड देऊन पाणी हिरवळीकडे वळवले. मगरकातडीचा तुकडा कापून काढून, खालची खडी ठोकून, नवा डांबरी माल भरून घेतला. कडेने आत घुसलेले गवत फावड्याने तासले. भेगांतली माती खरवडून, ब्लोअरने उडवून, धुऊन, दोन दिवस वाळू दिली. रुंद भेगांपैकी दोन मी गरम करून भरायच्या मालाने बुजवल्या. हा माल म्हणजे दोरीसारखे वेटोळे असते, रबरमिश्रित डांबराचे, ते भेगेत दाबून प्रोपेनच्या ज्योतीने वितळवायचे. तिसरी रुंद भेग आणि सांध्यावरची भेग मात्र बाटलीतून ओतायच्या थंड मालाने भरल्या, कारण दोरी संपली होती आणि पुन्हा दुकानात जाण्याचा मी कंटाळा केला. या कंटाळ्यामुळे दोन्ही पद्धतींची तुलना आपोआप झाली.

प्रत्यक्ष सीलकोटसाठी पाच गॅलनच्या पाच बादल्या लागल्या. जुना पृष्ठभाग तहानलेला होता, त्यामुळे पहिल्या हातातच तीन संपल्या आणि दुसऱ्या हाताला दोन पुरल्या. दिवसा-रात्री तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाणार नाही आणि चोवीस तास पाऊस नाही असे दिवस गाठावे लागतात, म्हणून ऑगस्ट निवडला. सप्टेंबरअखेरीस इथल्या रात्रींचा भरवसा नसतो. इमल्शन ओतताना चॉकलेटी असते. रबरी पट्टीच्या दांड्याने ते ओढत न्यायचे, आणि पाऊण तासात पाणी उडून गेले की उन्हाच्या बाजूने ते काळे पडत जाते. ही काळी कड सावलीच्या दिशेने हळूहळू सरकताना दिसते, आणि मॅपल वृक्षाच्या सावलीतला पट्टा संध्याकाळपर्यंत चॉकलेटीच राहिला होता. दुसरा हात दुसऱ्या दिवशी दिला आणि गाड्या आणखी दोन दिवस रस्त्यावर लावल्या. थर पातळ ठेवावा. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि चाक वळले की सोलला जातो.

खर्च असा झाला. सीलर २१० डॉलर, भेगांचा माल ९५ डॉलर, ब्रश, पट्टी, चिकटपट्टी वगैरे ४५ डॉलर, म्हणजे एकूण ३५० डॉलर. कोपऱ्याच्या तुकड्याचे पैसे वेगळे. एका ठेकेदाराने फवाऱ्याने एकच हात मारायचे ४८० सांगितले होते. आदल्या वर्षी आमच्या गल्लीत एक माणूस दारोदार आला होता, जवळच काम केले आहे, माल उरला आहे, निम्म्या दरात करून देतो, असे सांगत. शेजाऱ्यांनी करून घेतले. पुढच्या वसंतापर्यंत त्यांच्या ड्राइव्हवेवर करड्या डागांखेरीज काही उरले नव्हते. अशा फिरत्या लोकांच्या मालात पाणी किती असते हे आपल्याला कळायला मार्ग नाही, म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवावे.

हिवाळ्यात जाणवलेला पहिला फरक सुखद होता. ऊन पडले की काळ्या पृष्ठभागावरचा बर्फाचा शेवटचा पातळ थर शेजारच्या करड्या ड्राइव्हवेपेक्षा लवकर सुटायचा, आणि पृष्ठभाग बंद झाल्यामुळे बर्फ खडीला धरून बसत नव्हता, फावड्याने अख्खी ढलपी निघायची. मीठ मी दरवर्षीच्या निम्मेच वापरले. साधे मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, उगाच फेकून ते तळ्यात जाते. बर्फ उडवणाऱ्या स्नो-ब्लोअरच्या स्किड-शूज, म्हणजे यंत्र ज्यांवर टेकते त्या बाजूच्या पट्ट्या, थोड्या खाली सरकवल्या होत्या, त्यामुळे पाते उचललेले राहून डांबराला घासले नाही. पालिकेचा बर्फ हटवणारा नांगर रस्त्याच्या तोंडाशी बर्फाचा कठीण बांध टाकून जातो, तो फोडताना लोखंडी फावडे वापरले, तिथे मात्र ओरखडे आले आणि दोन फुटांच्या पट्ट्यात काळा थर जवळजवळ निघून गेला.

दुसरा फरक धोक्याचा होता. सीलरमध्ये मिसळलेली वाळू बादलीच्या तळाशी बसते, ती ड्रिलला पाते लावून घोटून वर आणावी लागते. तिसरी बादली मी पुरेशी घोटली नाही. त्या बादलीचा माल जिथे गेला, तो टपालपेटीकडचा उतार डिसेंबरात काचेसारखा गुळगुळीत लागायचा. एका सकाळी पत्नीचा पाय तिथे सटकला. तिने गाडीचे दार धरले म्हणून पडली नाही. उतार असलेल्यांनी घोटण्यात अजिबात कसूर करू नये.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी सात वाजता मी गुडघ्यांवर बसून सगळ्या भेगा बारकाईने पाहिल्या. आदल्या दुपारी कडेच्या ढिगातून वितळलेले पाणी ड्राइव्हवेवरून वाहिले होते आणि रात्री गोठले होते. गरम भरलेल्या दोन्ही भेगांवर बर्फाची सलग काच होती, खाली रबर किंचित दबलेले पण दोन्ही कडांना चिकटलेले. थंड मालाच्या भेगेत मात्र माल एका कडेपासून नखभर सुटला होता आणि त्या फटीत बर्फाची पांढरी पाती उभी होती, खोलवर गेलेली. सहा महिन्यांपूर्वी वरून या तिन्ही भेगा सारख्याच काळ्या आणि सारख्याच बुजलेल्या दिसत होत्या. थंडीत डांबर आकसते, भेग रुंदावते, आणि तेवढे ताणण्याची क्षमता ज्या मालात नाही तो सुटतो. बारीक रेषांसाठी थंड माल ठीक आहे. बोटभर भेगेसाठी तो वापरू नये, असे मी आता खात्रीने सांगतो.

सोललेली जागा एकच सापडली, गॅरेजसमोर, पोस्टकार्डाएवढी. तिथे जुन्या गाडीचे तेल गळत असे. साबणाने घासले होते, पण तेलाच्या डागावर आधी लावायचा प्रायमर मी लावला नव्हता. पापुद्रा उचलला तर खाली डाग जसाच्या तसा होता. बाकी पृष्ठभागावर चाकांच्या वाटा किंचित फिक्या झाल्या आहेत, एवढेच. पाण्याचा थेंब टाकला की तो अजूनही गोल राहून उताराकडे घरंगळतो, पूर्वी तो बघता बघता आत शोषला जायचा. झाडल्यावर वाळू निघणे थांबले आहे. पाणी वळवलेल्या कोपऱ्यात एकही नवी रेष नाही, आणि सगळ्या कामातले सर्वांत मोठे यश मी यालाच मानतो, जरी सीलरच्या बादलीचा त्यात काहीच वाटा नाही.

वस्तू म्हणून या सीलरला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. ज्यांचा ड्राइव्हवे करडा पडला आहे पण खालून भक्कम आहे, त्यांनी अवश्य लावावा. ज्यांचा बराचसा भाग मगरकातडीसारखा फुटला आहे त्यांनी हे पैसे वाचवून नव्या थरासाठी ठेवावेत. नुकत्याच टाकलेल्या डांबरावर पहिले काही महिने तो लावू नये, आणि काळेपणाच्या हौसेने दरवर्षी तर मुळीच लावू नये. थरावर थर चढले की तेच तडकतात आणि पोपडे निघतात.

मी पुढचा हात २०२५ च्या आधी देणार नाही. या ऑगस्टमध्ये मात्र थंड मालाच्या दोन्ही भेगा खरवडून गरम मालाने भरायच्या आहेत, गॅरेजसमोरच्या पोस्टकार्डाएवढ्या जागेला प्रायमर लावायचा आहे, आणि टपालपेटीकडच्या उतारावर नीट घोटलेला, वाळू वर आलेला एक पातळ हात द्यायचा आहे. दोरीची दोन वेटोळी कालच आणून गॅरेजमध्ये ठेवली आहेत.