फुटबॉल सामन्यात मद्यविक्री : बंदी, आडोसा की मोकळीक? सोलापूरच्या आयोजकांसाठी तुलनात्मक आढावा

सोलापुरात तिकीट लावून फुटबॉलची स्पर्धा भरवायची म्हटली, की मैदानाचे भाडे, दिव्यांचा खर्च, बाहेरगावच्या संघांची राहण्याजेवणाची सोय आणि बक्षिसाची रक्कम यांचा मेळ घालताना आयोजकांच्या नाकी नऊ येतात. अशा वेळी बिअरच्या स्टॉलच्या बदल्यात खर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी एखाद्या व्यावसायिकाने दाखवली, तर मंडळाच्या बैठकीत दोन तट पडणे साहजिक आहे. एका बाजूला ‘परदेशात सर्रास चालते’ असे सांगणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘दारू आली की दंगल आलीच’ असे मानणारे. त्या बैठकीत ज्यांना हात वर करायचा आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : सोलापुरात विक्री करू नये. मात्र त्यासाठी नेहमी दिले जाणारे दंगलीचे कारण मला फारसे भक्कम वाटत नाही. खरी अडचण सामना संपल्यानंतरची आहे.

जगभरात या प्रश्नावर ढोबळमानाने तीन मार्ग चोखाळलेले दिसतात. पहिला मार्ग बंदीचा. १० मे १९८० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सेल्टिकने रेंजर्सला १-० असे हरवले आणि त्यानंतर दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानात उतरून एकमेकांवर बाटल्या व दगड फेकू लागले. घोडेस्वार पोलिसांना मध्ये पडावे लागले. त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडमधील फुटबॉल मैदानांत सामान्य प्रेक्षकांसाठी मद्य बंद झाले. फ्रान्समध्ये १९९१च्या कायद्याने क्रीडांगणांतील विक्रीवर बंदी आणली आणि मोजक्या प्रसंगांपुरती सवलत ठेवली.

दुसरा मार्ग इंग्लंडचा, आणि त्याला मी आडोशाचा मार्ग म्हणतो. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्याआधी ३९ माणसे मेली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत इंग्लंडने कायदा केला. इंग्लंडमध्ये मैदानावर बिअर मिळत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. तो बरोबर नाही. प्रेक्षागाराखालच्या मोकळ्या जागेत बिअर विकत मिळते व तिथे पिताही येते. मनाई आहे ती खेळाचे मैदान नजरेस पडते तिथे पिण्याला, आणि ती सामन्याच्या दोन तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत लागू असते. प्रेक्षकांना घेऊन जाणाऱ्या खास बसगाड्यांतही मद्य चालत नाही.

तिसरा मार्ग जर्मनीचा. तिथे प्रेक्षक पेला हातात घेऊन आपल्या जागेवर बसतो आणि खेळ पाहतो. धोक्याच्या वाटणाऱ्या सामन्यांना मात्र सौम्य बिअर ठेवली जाते. २०२४च्या युरोपीय स्पर्धेत गेल्सेनकिर्शेन येथे इंग्लंड आणि सर्बिया यांच्या सामन्याला असेच करण्यात आले होते. म्हणजे मोकळीक देणाऱ्या देशातही ती सामना पाहून दिली जाते.

दंगलीचा मुद्दा कितपत खरा?

बंदीच्या बाजूने सर्वांत ठळक उदाहरण कतारचे दिले जाते. २०२२च्या विश्वचषकात स्टेडियमच्या आवारात सामान्य प्रेक्षकांना बिअर मिळत नव्हती, आणि त्या स्पर्धेत इंग्लंड व वेल्सच्या एकाही प्रेक्षकाला अटक झाली नाही. अनेक महिला प्रेक्षकांनीही तिथे अधिक सुरक्षित वाटल्याचे सांगितले. हे वजनदार आहे. पण इतका लांबचा आणि महागडा प्रवास करून कोण प्रेक्षक तिथे पोहोचला असेल, याचा विचार केला की सगळे श्रेय बिअरच्या अभावाला देता येत नाही.

उलट बाजूची उदाहरणे आपल्या जवळची आहेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षागारात मारामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला. तिथे प्रश्न बिअरच्या स्टॉलचा नव्हता. प्रतिस्पर्धी पाठीराखे एकाच ठिकाणी बसले होते आणि बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या होत्या. कोल्हापूरचे राजर्षी शाहू स्टेडियम तर आपल्या शेजारच्या पट्ट्यातलेच. तिथे पेठापेठांतील तालमींचे संघ खेळतात, आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर एकाच संघाचे असते, मैदानात मद्य विकले जात नाही, आणि तरीही हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग कोल्हापूरकरांनी पाहिलेले आहेत. पेठेचा अभिमान चढायला बाटली लागत नाही.

मद्याकडे बोट दाखवल्याने दुसरेच काही झाकले जाते, याचे उदाहरण हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या त्या मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल समर्थकांचा मृत्यू ओढवला आणि पोलिसांनी दारू प्यायलेल्या गर्दीवर ठपका ठेवला. मृतांच्या, अगदी मुलांच्याही, रक्तातील मद्याचे प्रमाण तपासले गेले. २०१२ साली स्वतंत्र समितीने आणि २०१६ साली न्यायचौकशीच्या निकालाने तो ठपका पुसून टाकला. चूक गर्दी हाताळणाऱ्यांची होती. आपल्या मंडळाने बंदी घातली आणि दाराची रुंदी मोजलीच नाही, तर बंदीचा उपयोग केवळ पत्रकार परिषदेपुरता उरेल.

शिवाय आतली बंदी बाहेरच्या पिण्याला आवरत नाही. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना संध्याकाळी होता, पण लोक सकाळपासून बाहेर पीत होते आणि सुमारे दोन हजार बिनतिकीट माणसे आत घुसली. आडोशाच्या नियमाचा आणखी एक दोष २०२१च्या इंग्लंडमधील चाहत्यांच्या पाहणी अहवालात नोंदवला गेला : जागेवर नेता येत नाही म्हणून लोक सामन्याआधी आणि मध्यंतरात घाईघाईने ढोसतात. सोलापुरात हेच चपटीच्या रूपाने होईल. प्रेक्षक येण्याआधीच पिऊन येईल किंवा चपटी खिशात घालून आणेल, आणि झडती घेणारे स्वयंसेवक त्याच्याच गल्लीतले असतील.

एवढे सगळे पाहता, विक्री केली म्हणून दंगल होईलच आणि न केल्याने टळेलच, असे दोन्ही बाजूंनी म्हणता येत नाही. मोकळीक देणाऱ्यांनी मात्र भावाकडे दुर्लक्ष करू नये. ४ जून १९७४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे एका बेसबॉल सामन्यात दहा सेंटला बिअर विकली गेली. पंचवीस हजारांहून अधिक लोक आले, अखेरीस जमाव मैदानात उतरला आणि सामना यजमानांनी गमावल्याचे जाहीर करावे लागले. गर्दी खेचण्यासाठी स्वस्त बिअर देण्याची कल्पना कोणी मांडलीच, तर बैठकीत ही हकीकत सांगावी.

महाराष्ट्राचा कायदा तिन्ही मार्गांना कुठे अडवतो

परदेशातील उदाहरणे देताना आपल्या कायद्याचा पाया वेगळा आहे हे विसरले जाते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९चा. त्यात मनाई हा नियम आणि परवाना हा अपवाद. स्टॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागेल आणि पिणाऱ्यालाही स्वतःचा परवाना लागतो, जो विदेशी मद्यासाठी एका दिवसाला पाच रुपयांत मिळतो. बारमध्ये तो कोणी विचारत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण महापालिकेच्या मैदानावर, पोलिसांच्या बंदोबस्तात, वार्ताहरांच्या देखत तसे चालवून घेणे अंगलट येऊ शकते.

वयाचा फरक तर निर्णायक आहे. जर्मनीत बिअरला सोळा वर्षे पुरतात, इंग्लंडमध्ये अठरा लागतात. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. आपल्याकडे फुटबॉल पाहायला येणारा मोठा वर्ग शाळा-महाविद्यालयांतला. म्हणजे गिऱ्हाईक थोडे आणि प्रत्येकाचे ओळखपत्र तपासण्याची जबाबदारी पूर्ण, असा हा व्यवहार आहे.

जाहिरातीवरही याच कायद्याने बंदी आहे. त्यामुळे बिअर कंपनीचा फलक मैदानावर लावता येत नाही, आणि सोडा वा पाण्याच्या बाटलीच्या आडून नाव झळकवण्याच्या युक्त्या वादग्रस्त आहेत. प्रायोजकाला नावच मिरवता येत नसेल, तर तो किती पैसे देईल? कंपनीच्या सांगण्यावरून कायदा वाकतो तो फुटबॉलच्या जागतिक संघटनेपुढे. ब्राझीलने २०१४च्या विश्वचषकासाठी २०१२ साली खास कायदा करून स्टेडियममध्ये बिअरला वाट मोकळी करून दिली. सोलापुरातल्या एका मंडळासाठी विधिमंडळ असे काही करणार नाही.

परवाना मिळाला तरी तो टिकेल याची खात्री नाही. कायदा-सुव्यवस्थेच्या कारणासाठी जिल्हाधिकारी मद्यविक्री बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे असतात, २ ऑक्टोबरसारखे दिवस ठरलेले असतात. कतारमध्ये तर करार झालेला असताना स्पर्धेच्या दोन दिवस आधी, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, स्टेडियमच्या आवारातील विक्री रद्द झाली आणि बडवायझरसारख्या जुन्या प्रायोजकाला हात चोळत बसावे लागले. विशेष म्हणजे श्रीमंतांच्या आतिथ्यकक्षांत मद्य तेव्हाही मिळत होते. आपल्याकडेही तिकीटवाल्यांना मनाई आणि पासवाल्यांच्या शामियान्यात सोय, असा प्रकार कोणाच्या मनात येत असेल तर तो वेळीच थांबवावा. उन्हातल्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकाला तो चटकन दिसतो.

सोलापुरात या विषयाला जुनी स्मृतीही आहे. ८ मे १९३० रोजी इथले लोक रूपाभवानी परिसरात शिंदीची, म्हणजे मादक पेयासाठी रस देणारी, झाडे तोडायला गेले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले, आणि पुढे शहराने मार्शल लॉ भोगला. अलीकडे २०२१ पासून ग्रामीण पोलिसांच्या ‘ऑपरेशन परिवर्तन’ मोहिमेतून हातभट्टीवर जगणाऱ्या तांड्यांतील कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्याचे काम झाले. गिरणी आणि विडी कामगारांच्या या गावात पगाराच्या दिवशी दारूशी झगडलेल्या बायकांची संख्या मोठी आहे. मैदानाच्या दाराशी स्टॉल दिसला तर मोर्चा निघेल, आणि तो अनाठायी आहे असे म्हणणे मला तरी जमणार नाही.

प्रेक्षक कोण हवा, आणि तो घरी कसा जाणार

इंग्लंडचा १९८५चा कायदा महिलांच्या सामन्यांना लागू नाही. २०२५च्या सुरुवातीला तिथल्या महिलांच्या दुसऱ्या श्रेणीतील काही क्लबांनी प्रेक्षकांना बिअर जागेवर नेऊ देण्याचा प्रयोग केला. स्कॉटलंडमध्येही फुटबॉलला मनाई असताना एडिनबरोच्या मरेफील्डवर रग्बीच्या प्रेक्षकांना बिअर मिळते. नियम खेळाकडे नव्हे, गर्दीच्या स्वभावाकडे पाहून बेतलेला आहे. सोलापुरात गर्दीचा स्वभाव अजून घडायचा आहे. मुलगी खेळते म्हणून येणारी आई, शाळेच्या संघाबरोबर आलेली पोरे, नातवाला घेऊन आलेले आजोबा हा प्रेक्षक पहिल्या दोन-तीन स्पर्धांत जमला तरच पुढे तिकीट विकले जाईल. स्टॉलभोवतीचा घोळका पाहून त्यातली आई परत आली नाही, तर झालेले नुकसान बिअरच्या पैशाने भरून निघत नाही.

आता परतीचा रस्ता. जर्मनीत अनेक क्लबांच्या सामन्याच्या तिकिटातच शहरातील रेल्वे व बसचा प्रवास धरलेला असतो. तिथला प्रेक्षक दोन पेले पिऊन स्थानकावर जातो, डब्यात गाणी म्हणतो आणि घराजवळ उतरतो. त्या मोकळिकीचा अर्धा आधार मैदानाबाहेरच्या या व्यवस्थेत आहे, आणि आपण नक्कल करायला निघतो ती फक्त पेल्याची. सोलापुरात सामना सुटला की प्रेक्षक दुचाकीला किक मारतो. कोणी जुळे सोलापूरला जातो, कोणी होटगी रस्त्याने, कोणी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीकडे. बार्शी-पंढरपूरहून आलेली पोरे तिघे तिघे एका गाडीवर महामार्गाला लागतात. रात्रीच्या वेळी शहर बससेवेच्या भरवशावर राहावे अशी स्थिती नाही. रक्तात दर शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि बिअरच्या एका बाटलीनंतर ती मर्यादा ओलांडली गेली नसेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणजे आयोजक तिकिटाच्या एका खिडकीवर बिअर विकणार आणि दुसऱ्या दाराने त्याच माणसाला गाडीवर बसवून देणार. आडोसा असो वा मोकळीक, या प्रश्नाला दोन्ही मार्गांकडे सोलापूरपुरते उत्तर नाही. बंदीकडेही ते पूर्ण नाही, कारण बाहेर प्यायलेला माणूसही गाडीच चालवणार. पण निदान त्यात मंडळाने भर घातलेली नसते.

म्हणून बंदीच्या बाजूने कौल द्यायचा असेल तर तिच्यासोबतची कामेही मंजूर करावीत. झडतीसाठी बाहेरच्या संस्थेची माणसे असावीत, दोन्ही संघांच्या पाठीराख्यांसाठी वेगळी दारे असावीत, पिण्याचे पाणी मुबलक असावे, आणि सामना दुपारी लवकर सुरू करून उजेडात संपवावा. दिवसभर बाहेर बसून पिण्याला तेवढीच सवड कमी मिळते. उत्पन्नासाठी चौपाटीवरच्या गाड्यांना आत जागा द्यावी आणि चादर-टॉवेलच्या कारखानदारांकडे प्रायोजकत्व मागावे. त्यांच्या नावाचा फलक लावायला कोणताही कायदा आड येत नाही.

बैठकीत बहुमत विक्रीच्या बाजूने गेलेच, तर निदान मोकळिकीऐवजी आडोसा निवडावा. फक्त बिअर, कागदी पेल्यात, कुंपण घातलेल्या वेगळ्या जागेत, ओळखपत्र पाहून, आणि मध्यंतर संपताच बंद. भाव बाजारापेक्षा कमी नसावा. आणि करारात एक कलम आधी घालून घ्यावे : परवाना मिळाला नाही किंवा ऐन वेळी रद्द झाला, तरी कबूल केलेली रक्कम प्रायोजकाने द्यायची. ते कलम त्याला मान्य नसेल, तर प्रस्ताव तिथेच नामंजूर करावा.