गोव्याचा नळपाणीपुरवठा: पाणी आहे, दाब कमी

नळजोडणीच्या बाबतीत गोव्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. ऑगस्ट 2022 मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेले हे देशातले पहिले राज्य. मात्र नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि गच्चीवरच्या टाकीत चढते का, हे तालुक्यागणिक बदलते.

दक्षिणेकडची बाजू भक्कम आहे. साळावली धरणात सुमारे 234 दशलक्ष घनमीटर पाणी मावते. शेळप्याच्या प्रकल्पात शुद्ध होऊन ते सासष्टी, मुरगावला जाते. तिसवाडी आणि फोंड्याला पाणी देणारा ओपा प्रकल्प खांडेपार नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतो. तिथे बंधारे आहेत, तरी उन्हाळ्यात खाणींच्या खंदकांतले पाणी नदीत सोडण्याची वेळ येऊन गेली आहे. बार्देशचा अस्नोडा प्रकल्प तिळारी धरणाच्या कालव्यावर अवलंबून. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला घेतला की आमठाण्याच्या धरणावर भागवावे लागते.

खरी उणीव वितरणात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला मोठ्या जलवाहिन्या फुटल्या आणि भर पावसाळ्यात पणजीचे नळ काही दिवस कोरडे पडले. नदी दुथडी भरून वाहत होती, पण पर्यायी वाहिनी नव्हती. नवीन प्रकल्पांइतकाच खर्च जोडवाहिन्या आणि साठवण टाक्यांवर व्हायला हवा, असे आमचे ठाम मत आहे.

दाबाचे गणित सोपे आहे. एक बार (दाब मोजायचे एकक) दाबाने पाणी सुमारे दहा मीटर चढते. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी साधारण सात मीटरवर असते, म्हणजे वाटेतली घट धरून पाऊण ते एक बार तरी दाब लागतो. पर्वरीसारख्या पठारावर किंवा वाहिनीच्या शेवटच्या टोकाला तो टिकत नाही. मग कोणीतरी थेट नळाच्या लाईनवर मोटर लावतो. त्याने शेजारच्यांचे पाणी तर तुटतेच, शिवाय लाईनमध्ये पोकळी होऊन गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. सकाळी पहिले पाणी गढूळ येण्यामागे बऱ्याचदा हेच असते. योग्य मांडणी अशी: नळाचे पाणी आपल्या दाबाने संपात म्हणजे जमिनीतल्या टाकीत पडू द्यावे, त्यावर फ्लोट वॉल्व (टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारी झडप) बसवावा आणि मोटर संपावर लावावी. संपाचे झाकण गटाराच्या पातळीहून उंच हवे. माणशी रोज 135 लिटर धरले तर पाच जणांना 675 लिटर लागतात. दोन दिवसांच्या बेगमीला 1500 लिटरची टाकी पुरते.

याच हिशेबाने महिन्याला सुमारे 20 घनमीटर होतात (एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर). सप्टेंबर 2021 पासून 16 घनमीटरपर्यंत मोफत पाण्याची योजना आली, तेव्हा पाच जणांच्या कुटुंबाला त्या मर्यादेत राहायचे तर माणशी 107 लिटरांत भागवावे लागत होते. बागेला विहिरीचे पाणी घालणाऱ्यांना ते जमण्यासारखे होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना विहीर कुठली? दर ठरवताना घरातली माणसे मोजली जात नाहीत, हा मोठ्या कुटुंबांवर अन्याय आहे.

बिल अचानक वाढले तर आधी मीटर पाहा. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे घनमीटरच्या अपूर्णांकाचे. घरातले सगळे नळ बंद करा, फ्लोट वॉल्व बांधून ठेवा. तरी मीटरवरची छोटी चक्री फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे, म्हणजे तुमच्या हद्दीत आहे. बहुतेक वेळा दोषी संडासाची टाकी निघते: दोन मिनिटांना एक लिटर गळले तरी महिन्याला 21 घनमीटरहून जास्त होते, म्हणजे आख्ख्या कुटुंबाच्या वापराइतके. पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या भागात सुरुवातीला पाइपातली हवाही मीटर फिरवते. मीटर अडकला असेल तर सरासरीवर बिल येते. अशा वेळी तारीख दिसेल असा आकड्यांचा फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही, आणि थकबाकी मात्र पुढच्या बिलात चढत जाते.