मावशीच्या ओव्या आणि ऑडासिटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मावशी सातारा जिल्ह्यातल्या गावात राहते आणि मी बेंगळुरूत. तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या तोंडपाठ आहेत आणि तिच्यामागे त्या कोणी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा गावी जाऊन किती उतरवून घेणार? म्हणून दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि लॅपटॉपमधून येणारा तिचा आवाज तिथेच रेकॉर्ड करायचा, असं ठरवलं. तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "घे की गं, पर माज्या खोकल्यासकट नगं घिऊस." तेव्हापासून ३१ रविवार झाले. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

पहिल्या रविवारी मी मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरला होता. त्यात मावशीपेक्षा आमचा पंखा आणि खालची रिक्षाच जास्त आली. संगणकातून वाजणारा आवाज हवेत येण्याआधीच टिपायला हवा, हे तिथे कळलं. ऑडासिटी हा आवाज रेकॉर्ड करून कापायचा-जोडायचा प्रोग्रॅम. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि २००० सालापासून लोक ते वापरत आले आहेत, म्हणून तेच घेतलं. विंडोजवर त्यात 'ऑडिओ सेटअप'मध्ये होस्ट म्हणून 'वासापी' (WASAPI, विंडोजची आवाज हाताळायची आपली व्यवस्था) निवडायचं आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीतून 'लूपबॅक' असं लिहिलेला स्पीकर किंवा हेडफोन घ्यायचा. एवढं केलं की स्पीकरकडे निघालेला डिजिटल आवाज आहे तसा उतरतो. मधे माइक नाही, खोली नाही, पंखा नाही. पुष्कळ जण 'स्टिरिओ मिक्स' हे विंडोजमधलं रेकॉर्डिंग डिव्हाइस सुचवतात. तोही मार्ग चालतो, पण तो साउंड कार्डच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो आणि बऱ्याच मशीनवर बंद करून ठेवलेला असतो. माझ्या लॅपटॉपवर तो नव्हताच.

लूपबॅक निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ज्या डिव्हाइसवर आवाज वाजतो आहे तेच निवडलेलं हवं. तिसऱ्या रविवारी कॉल चालू असताना मी हेडफोन खुपसले. आवाज हेडफोनकडे गेला आणि रेकॉर्डिंग स्पीकरचंच चालू राहिलं. ४० मिनिटं सपाट रेघ. माहेरच्या ओव्या होत्या त्या दिवशी. मावशीने पुढच्या खेपेला त्या पुन्हा म्हटल्या, पण क्रम वेगळा होता आणि दोन ओव्या तिला आठवल्याच नाहीत. आता हेडफोन आधी लावते, मग ऑडासिटी उघडते, मावशीला "ऐकू येतंय का?" विचारते आणि तिच्या उत्तराने ऑडासिटीच्या रेकॉर्डिंगच्या पट्टीवर लाट उठलेली दिसल्याशिवाय पुढे जात नाही.

हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक कॉलसाठी चालू झाला की तो बहुतेक वेळा 'हँड्स-फ्री' प्रकारात जातो आणि ऐकू येणारा आवाज जुन्या टेलिफोनसारखा पातळ होतो. सोबत ऑडासिटीतलं 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' बंद ठेवा, नाहीतर रेकॉर्ड होणारा आवाज परत वाजतो, परत रेकॉर्ड होतो आणि घुमत राहतो. लॅपटॉपच्या सूचनांचे आवाजही बंद करा. एका ओवीच्या मधोमध ईमेल आल्याची टिंग कायमची बसली आहे.

वाजणारं काहीच नसेल तर लूपबॅकमध्ये रेकॉर्डिंगची वेळही पुढे सरकत नाही. गावात नेटवर्क जातं, कॉल तुटतो, पाच मिनिटांनी परत लागतो आणि पट्टीवर ती पाच मिनिटं दिसतच नाहीत. मी वहीत घड्याळाप्रमाणे नोंदी करत होते, 'सव्वानऊ, भावाची ओवी' अशा. नंतर वही आणि पट्टी जुळेनात. आता वहीऐवजी तिथल्या तिथे कंट्रोल आणि एम दाबून पट्टीवरच देवनागरीत खूण लिहिते. शेवटी त्या खुणांप्रमाणे ऑडासिटी स्वतःच वेगवेगळ्या फायली करून देतं. या एका सोयीसाठी मी हा प्रोग्रॅम कुणालाही सुचवेन.

पण सगळ्यात जास्त दिवस गेले ते जात्याच्या आवाजात. मावशी नुसती बसून ओवी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. खुंटा हातात, घास टाकला, जात्याची वरची पाळी फिरली की शब्द निघतात. पहिल्या महिन्यात ऐकताना मला तिचा गळा स्वच्छ ऐकू यायचा आणि जातं मात्र गायब. मधूनमधून ओवीचा शेवटचा स्वरही गिळल्यासारखा वाटायचा. दोष रेकॉर्डिंगचा नव्हता. कॉलचं अ‍ॅप सतत चालणाऱ्या घरघरीला गोंगाट समजून पाठवण्याआधीच कापत होतं. तिकडे जे कापलं गेलं ते इकडे कुठलाही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही. उपाय पाठवणाऱ्याच्या फोनवरच करावा लागतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' म्हणून सोय आहे. मावशीच्या नातवाने ती चालू केली आणि त्या रविवारी जात्याची घरघर पहिल्यांदा माझ्या कानात आली. मी थोडा वेळ काही बोललेच नाही. मावशी विचारत राहिली, "गेली का काय गं तू?"

म्हणूनच ऑडासिटीतलं 'नॉइज रिडक्शन' मी या रेकॉर्डिंगवर अजिबात लावत नाही. पंख्यासाठी ते चांगलं काम करतं, पण इथे ते जात्यावरच चालून जातं.

ऑडासिटी एका वेळी एकाच डिव्हाइसवरून घेतं, त्यामुळे माझा आवाज येत नाही. ओव्यांसाठी हे फार बरं, माझे 'हं, हं' मधे पडत नाहीत. पण ओवीनंतरच्या गप्पांत माझा प्रश्न नसेल तर मावशीचं उत्तर लोंबकळत राहतं. त्यासाठी चौथ्या महिन्यापासून ओबीएस स्टुडिओ हा पडदा आणि आवाज रेकॉर्ड करायचा दुसरा प्रोग्रॅम वापरते. त्यात संगणकाचा आवाज एका ट्रॅकवर आणि माझा माइक दुसऱ्या ट्रॅकवर ठेवता येतो. शिवाय एमकेव्ही या व्हिडिओ फाइलच्या प्रकारात साठवलं तर मशीन मधेच बंद पडलं तरी तोवरचं हाती राहतं. ओबीएस शिकायला डोकं लागतं, आणि त्याची फाइल ऑडासिटीत उघडायला एफएफएमपेग नावाचं जोडसॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. नुसता आवाजच हवा असेल त्याने त्या वाटेला जाऊ नये.

जागेचं म्हणाल तर ४८,००० हर्ट्‌झ, ३२ बिट, स्टिरिओ ठेवलं की तासाला सुमारे १.४ जीबी होतात. कॉलचा आवाज मुळात एकेरीच असतो, म्हणून नंतर मोनो करून मूळ प्रत फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) ठेवते आणि नातेवाइकांना एमपी३ पाठवते.

नातू स्वतः गावी असतो तेव्हा मी त्याला फोन जात्याजवळ ठेवून तिथेच रेकॉर्ड करायला सांगते, आणि ती फाइल माझ्या फाइलीपेक्षा सरस असते, हे मान्य. कॉलवरून आलेला आवाज नेटवर्कने आधीच पिळलेला असतो. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी तेच करावं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या गावोगावी जाऊनच. पण मावशीकडचा नातू महिन्यातून एकदाच घरी येतो. बाकीच्या रविवारी शेजारची मुलगी कॉल लावून देते, आणि त्या रविवारांसाठी माझ्याकडे लूपबॅकच आहे.

गेल्या महिन्यात मावशीने जात्याला टाकी लावून घेतली, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने टोचून घेतला. दगड पुन्हा खरखरीत झाला आहे. लॅपटॉपवर दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी उघडली तर टाकीआधीची घरघर मऊ आणि खालची, नंतरची जाड आणि मधे मधे दाणेदार. ओवी तीच आहे, पण मावशी आता जरा सावकाश म्हणते, कारण जातं ओढायला जड झालंय. दोन्ही प्रती मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत.